बॅटरी भरलेली, दिवा उपाशी

आपल्या मासिकात दरवर्षी रोबोट, उपग्रह आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर लेख येतात. ते वाचायला मलाही आवडतात. पण यंदा मी जरा खाली उतरून लिहिणार आहे, थेट मोटारसायकलच्या फूटरेस्टपाशी. डाव्या बाजूच्या झाकणाआड जो मॅग्नेट फिरतो, तिथून हेडलाईटच्या बल्बपर्यंत वीज कशी येते आणि वाटेत कुठे अडते, एवढाच विषय आहे. अल्टरनेटर आपण पुस्तकात शिकतो, त्याचे फेझर डायग्राम काढतो, परीक्षेत मार्कही मिळवतो. मात्र दारात उभा असलेला अल्टरनेटर कुणी उघडून बघत नाही. मीही बघितला नव्हता. बघायची वेळ आली ती वडिलांमुळे.

प्रश्न कुठून आला?

आम्ही गडमुडशिंगीचे. कोल्हापूरहून हुपरीकडे जाताना गांधीनगरची कापडाची दुकाने मागे पडली की आमचे गाव. गावाच्या एका अंगाला विमानतळ, त्याच्या पलीकडे गोकुळ शिरगावची एमआयडीसी आणि उरलेल्या अंगांना ऊस. ऊस म्हटला की पाणी आले, आणि पाणी म्हटले की रात्र आली. शेतीपंपाची थ्री फेज लाईट रात्रीची असली की आमचे अण्णा बारा-एकच्या सुमाराला शंभर सीसीची जुनी गाडी काढतात आणि मोटर चालू करायला मळ्यात जातात. थोडा डांबरी रस्ता, पुढे पाणंद. पाणंदीत गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. खड्डा आला की क्लच दाबायचा, वळण आले की क्लच दाबायचा. आणि क्लच दाबला की दिवा मंद.

कारखान्यांचा हंगाम जोरात असताना, डिसेंबरातल्या एका रात्री, पाणंदीच्या तोंडाला उसाची भरलेली ट्रॉली उभी होती. मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, दगडसुद्धा ठेवलेला नाही. अण्णांनी वळायला क्लच दाबला, दिवा लालसर झाला, आणि ट्रॉलीबाहेर आलेली उसाची कांडी दिसली तेव्हा ती हँडलपासून हातभर अंतरावर होती. गाडी आडवी झाली. कोपराचे कातडे गेले, एक आरसा फुटला, त्यावर निभावले. अण्णा घरी काही बोलले नाहीत. सकाळी आईने शर्टाची बाही बघितली तेव्हा कळले.

मला म्हणाले, "तू इलेक्ट्रिकलला हाईस न्हवं? मग एवढं बघ की. बॅटरी नवीन टाकलीया, हॉर्न खणखणीत वाजतोय, मग लाईटच का मरतीया?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर मात्र मला येत नव्हते.

पहिला प्रयत्न, जो चुकला

उत्तर येत नसले तरी हौस होती. मी दोन गोष्टी केल्या. ३५ वॅटचा बल्ब काढून ६० वॅटचा घातला, आणि २.५ अँपिअर-अवरच्या बॅटरीऐवजी दुप्पट क्षमतेची बॅटरी कशीबशी पेटीत बसवली. परिणाम असा झाला की आयडलला दिवा आधीपेक्षाही मंद झाला, आणि पंधरा दिवसांत बल्बचे होल्डर वितळले.

का, ते नंतर कळले. १२ व्होल्टवर ३५ वॅट म्हणजे सुमारे २.९ अँपिअर. बल्बचा तापलेला रोध निघतो ४.१ ओहम. ६० वॅटच्या बल्बचा रोध फक्त २.४ ओहम. आता समजा, मागून येणारा करंटच २.९ अँपिअरच्या वर जाऊ शकत नाही. मग २.४ ओहमवर व्होल्टेज पडणार सात, आणि बल्बला मिळणार वीस वॅट. म्हणजे ६० चा बल्ब लावून मी उजेड कमी करून घेतला होता. आणि बॅटरीचे म्हणाल, तर नळाची धार तीच ठेवून खाली मोठी घागर ठेवण्यातला तो प्रकार. घागर मोठी झाली म्हणून पाणी जास्त येत नाही.

यावरून पहिला धडा मिळाला तो असा: आधी जमा किती आणि खर्च किती ते लिहून काढावे, मगच पाना हातात घ्यावा.

एक साधी तपासणी

तुमच्या गाडीत काय आहे हे बघायला मीटरही लागत नाही. इंजिन बंद ठेवा, चावी ऑन करा आणि हेडलाईटचे बटण दाबा. दिवा लागला तर तो बॅटरीवर, म्हणजे डीसीवर आहे. लागला नाही तर तो थेट मॅग्नेटच्या कॉइलवर, म्हणजे एसीवर आहे. आमच्या गाडीचा लागला नाही. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाईट मात्र व्यवस्थित चालत होते. म्हणजे अण्णांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळाले. हॉर्न बॅटरीचे खातो म्हणून खणखणीत. हेडलाईटचा बॅटरीशी काही संबंधच नाही. बॅटरी भरलेली, दिवा उपाशी!

जुन्या शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांत अशीच रचना असे. इंजिन सुरू असल्याशिवाय दिवा लागतच नाही, त्यामुळे कुणी रात्रभर दिवा चालू ठेवून बॅटरी उतरवण्याचा प्रश्न येत नाही. लहान आणि स्वस्त बॅटरीवर भागते. शिवाय चाळीसच्या वेगाने रस्त्यावर गाडी चालली की दिवा चांगला पडतो. त्या हिशोबाने रचना चुकीची नव्हती. ती पाणंदीसाठी केलेली नव्हती, एवढेच.

झाकणाआड काय चालते?

क्रँकच्या टोकाला एक वाटी फिरते, तिच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात. वाटीच्या आत स्टेटर, त्याच्या दातांवर तांब्याची तार गुंडाळलेली. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेलीच गोष्ट, चुंबक फिरला की तारेत व्होल्टेज तयार होते. हे व्होल्टेज तीन गोष्टींवर ठरते: चुंबकाची ताकद, तारेचे वेढे आणि फिरण्याचा वेग. चुंबक आणि वेढे कायम असल्यामुळे इंजिन हळू झाले की व्होल्टेज त्याच प्रमाणात पडते.

इथे एक मोठी गंमत आहे. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, तो साधारण ३.४ व्या घाताने कमी होतो. १२ व्होल्टचा बल्ब ९ व्होल्टवर आला तर उजेड ३८ टक्के राहतो. ८ व्होल्टवर आला तर फक्त २५ टक्के. म्हणजे व्होल्टेज दोन तृतीयांश आणि उजेड पाव! आमच्या गाडीला आयडलवर बल्बपाशी मी मोजले, तेव्हा साधारण आठच व्होल्ट आले. अण्णा पाव उजेडात गाडी चालवत होते.

दुसरी गंमत वेगाच्या वरच्या टोकाला आहे. व्होल्टेज वेगाबरोबर वाढते, तर मग सहा हजार फेऱ्यांना करंटही चौपट का होत नाही? कारण कॉइलला इंडक्टन्स असतो. वेग वाढला की फ्रिक्वेन्सी वाढते, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की कॉइलचा स्वतःचाच रिअॅक्टन्स त्याच प्रमाणात वाढतो. वर व्होल्टेज दुप्पट, खाली अडथळाही दुप्पट. करंट एका पातळीला जाऊन टेकतो. म्हणून हा छोटा अल्टरनेटर वरच्या वेगाला ठरावीक करंट देणाऱ्या यंत्रासारखा वागतो. मेकॅनिक ज्याला आरआर युनिट म्हणतात, ते रेग्युलेटर-रेक्टिफायर, याच गुणावर चालते. बॅटरी भरली की ते चक्क कॉइल शॉर्ट करते! अल्टरनेटर शॉर्ट केला तर जळायला हवा, असे आपण तोंडी परीक्षेत पटकन सांगू. हा जळत नाही, कारण त्याचा करंट त्याच्याच रिअॅक्टन्सने बांधलेला असतो.

जाड तारेचा मोह

हे सगळे कळायच्या आधी मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वाइंडिंगवाल्या मेस्त्रींकडे गेलो होतो. म्हटले, "मामा, स्टेटरला जाड तार भरून द्या. लाईट झकास पडली पाहिजे."

त्यांनी स्टेटर हातात घेतला, फिरवून बघितला आणि विचारले, "गाडी पळवतोस का हळू चालवतोस?"

"वडील चालवतात. पाणंदीत."

"मग कशाला जाड तार? पळवणाऱ्याला जाड, हळू चालवणाऱ्याला बारीक. जाड भरली तर तुझी आयडलची लाईट हाय तीबी जाईल."

तेव्हा पटले नाही. रात्री वहीत मांडून बघितले. दातांवर जागा ठरलेली, जाड तार घेतली की वेढे कमी बसणार. व्होल्टेज वेढ्यांच्या प्रमाणात, इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून वरच्या वेगाला मिळणारा करंट वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात येतो. वेढे निम्मे केले की वरचा करंट जवळजवळ दुप्पट, पण आयडलचे व्होल्टेज निम्मे. मेस्त्रींनी हे समीकरण कधी लिहिले नसेल, पण उत्तर त्यांना पाठ होते. आपल्याला समीकरण पाठ असते आणि उत्तर माहीत नसते, हा फरक मला त्या दिवशी कळला.

आम्हाला तर हळू वेगालाच वीज पाहिजे होती. म्हणजे वाइंडिंगला हात लावायचे कारण नव्हते. मग वाढ करायची कुठे?

अर्धी लाट

याचे उत्तर कॉलेजच्या सीआरओवर दिसले. गाडी लॅबच्या भिंतीला लावली, खिडकीतून प्रोब बाहेर काढली. लॅबच्या मामांनी "धूर आत आला तर सरांना तूच सांग" असा दम भरला, पण खिडकी उघडी धरली. पडद्यावर साइन वेव्हची आशा होती. दिसली ती एका बाजूने कापलेली लाट.

आमच्या गाडीत कॉइलचे एक टोक इंजिनच्या बॉडीला, म्हणजे अर्थला सोल्डर केलेले आहे. दुसऱ्या टोकाची पांढरी वायर आरआर युनिटमध्ये जाऊन बॅटरी चार्ज करते. मधूनच काढलेली पिवळी वायर हेडलाईटला जाते. आता यातले तोटे मोजू. एक, दिव्याला पूर्ण कॉइल मिळत नाही, मधला टप्पा मिळतो. दोन, एक टोक अर्थला बांधलेले असल्यामुळे बॅटरी लाटेच्या एकाच अर्ध्या भागात चार्ज होते. ज्याला आपण हाफ वेव्ह म्हणतो ते हे. उरलेला अर्धा भाग दिव्याच्या वाट्याला, आणि दिवसा दिवा बंद असताना तर तो आरआर युनिटच दाबून टाकते. पेट्रोल जाळून मॅग्नेट फिरतो पूर्ण, आणि बॅटरीपर्यंत पोहोचते अर्धे.

उपाय हाच. कॉइलचे अर्थचे टोक सोडवायचे, पूर्ण कॉइलची दोन्ही टोके फुल वेव्ह आरआर युनिटला द्यायची, सगळी वीज बॅटरीत आणायची आणि हेडलाईट बॅटरीवर घ्यायची. नवीन कॉइल नाही, नवीन मॅग्नेट नाही. जे तयार होते आहे तेच पूर्ण गोळा करायचे.

प्रत्यक्ष काम

क्रमाने सांगतो.

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढली. डावे झाकण उघडून मॅग्नेट काढला. याला पुलरच लागतो. हातोडीने ठोकल्यास चुंबक निखळतात आणि क्रँकही बिघडू शकतो.

२. स्टेटरवर अर्थचे टोक कुठे सोल्डर केले आहे ते शोधून सोडवले. त्याला नवी वायर जोडून, उष्णता सहन करणारी स्लीव्ह चढवून, वायर मूळ ग्रॉमेटमधूनच बाहेर काढली. पिवळ्या वायरचे टोक स्लीव्ह घालून बंद केले.

३. मल्टीमीटरने पांढरी वायर आणि इंजिन बॉडी यांच्यात कंटिन्युइटी बघितली. आता ती अजिबात दाखवता कामा नये. दाखवली तर कुठेतरी तार बॉडीला टेकते आहे.

४. जुने आरआर युनिट काढले. त्याची आतली एक बाजू बॉडीला जोडलेली असल्यामुळे ते इथे चालत नाही. त्याच्या जागी दोन एसी वायर घेणारे सिंगल फेजचे फुल वेव्ह युनिट बसवले, तेही वारा लागेल अशा जागी. हे युनिट तापते, सीटखाली कोंडून ठेवू नये.

५. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिले, आणि रिलेपासून १.५ चौरस मिलिमीटरची वायर हेडलाईटला. हँडलवरचे जुने बटण आता फक्त रिले चालू करते. रिलेला चावीनंतरची लाईन दिली, म्हणजे चावी काढली की दिवा बंद.

रिलेचा खर्च कशाला, असे वाटेल. मी आधी जुन्याच बटणातून डीसी नेऊन बघितले होते. बॅटरीला १२.६ व्होल्ट असताना बल्बपाशी ११.२ आले. जुनी वायर, जुने बटण आणि गंजलेला अर्थ यांनी मिळून १.४ व्होल्ट खाल्ले. रिले आणि नवा अर्थ घातल्यावर १२.३ झाले. वर सांगितलेला ३.४ चा घात आठवा, एवढ्या फरकाने उजेड एक तृतीयांशाहून जास्त वाढतो.

वायरीतल्या या तोट्यामुळेच ६ व्होल्टच्या गाड्या मागे पडल्या. आजोबांच्या पिढीतली म्हैसूरची जावा आणि पुढची येझदी ६ व्होल्टच्या डायनॅमोवर चालायची. तेवढ्याच वॅटला ६ व्होल्टवर करंट दुप्पट लागतो, आणि त्याच वायरीतला तोटा करंटच्या वर्गाप्रमाणे चौपट होतो. आयडियल जावाचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, पण कोल्हापुरात आजही हौशी लोक त्या गाड्या १२ व्होल्टवर करून चालवतात. प्रश्न तोच, फक्त गाडी वेगळी.

चाळीस किका

सगळे जोडले, मॅग्नेट बसवला, किक मारली. गाडी सुरू होईना. दहा, वीस, चाळीस किका. अण्णा कट्ट्यावर बसून बघत होते. काही बोलत नव्हते, तेच जास्त लागत होते.

चूक दुसऱ्या दिवशी सापडली. स्टेटरवर दिव्याच्या कॉइलशेजारीच इग्निशनला वीज देणारी वेगळी कॉइल असते. दोघींची अर्थची टोके एकाच ठिकाणी सोल्डर केलेली होती. मी दोन्ही सोडवली होती. दिव्याच्या कॉइलचे टोक मोकळे हवे, पण इग्निशन कॉइलचे टोक अर्थलाच पाहिजे, नाहीतर ठिणगी पडणार कशी? पुन्हा झाकण उघडले, ते एक टोक परत बॉडीला सोल्डर केले. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. हा प्रयोग करणाऱ्याने एवढे वाक्य तरी वहीत लिहून ठेवावे.

जमाखर्च

आता मोजमाप. गाडीला आरपीएम मीटर नाही. पण होकायंत्र फिरवून मॅग्नेटमध्ये आठ ध्रुव मोजले होते. आठ ध्रुव म्हणजे एका फेऱ्याला चार लाटा, म्हणून कॉइलवरची फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये मोजून तिला १५ ने गुणले की मिनिटाचे फेरे मिळतात. करंटसाठी डीसी क्लॅम्प मीटर वापरला. बॅटरी थोडी उतरवून घेतली आणि जोडीला एक जादा बल्ब लावला, म्हणजे आरआर युनिट करंट शॉर्ट करणार नाही. आकडे असे आले:

१४०० फेऱ्यांना १.८ अँपिअर
२५०० फेऱ्यांना ३.४ अँपिअर
४००० फेऱ्यांना ४.८ अँपिअर
५००० फेऱ्यांना ५.२ अँपिअर

शेवटच्या दोन ओळी बघा. हजार फेरे वाढूनही करंट जेमतेम वाढला. इंडक्टन्सची ती पातळी इथे डोळ्यांनी दिसते. हे आकडे आमच्या एका गाडीचे आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे येतील.

खर्चाची बाजू: हेडलाईट ३५ वॅट, टेल लाईट ५ आणि मीटरचा दिवा ३, एकूण ४३ वॅट. १३ व्होल्टला हे होतात ३.३ अँपिअर. टेल आणि मीटरचे बल्ब एलईडीचे केले, तेव्हा दोन्ही मिळून दीड वॅटवर आले. खर्च झाला २.८ अँपिअर. म्हणजे साधारण २१०० फेऱ्यांना जमा आणि खर्च समान. त्याच्या वर बॅटरीत भर, त्याच्या खाली बॅटरीतून उचल. आयडलला उचल ताशी एक अँपिअर-अवर. २.५ ची बॅटरी निम्मी वापरायची म्हटले तरी सव्वा तास आयडलला दिवा पुरतो. पाणंदीतली दहा मिनिटे सगळी आयडलची धरली तरी उचल ०.१७ अँपिअर-अवरच्या पुढे जात नाही. सकाळी अण्णा कोल्हापूरला जातात तेव्हा दिवा बंद असतो, सगळी उधारी फिटते.

आता बॅटरी खऱ्या अर्थाने बँकेचे काम करते. चालू काळात ठेव, मंद काळात उचल. पूर्वी ठेव होती, पण ज्याला गरज त्याला उचल नव्हती.

करणाऱ्यांसाठी चार सूचना

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. करंटला जायला वाट राहिली नाही की व्होल्टेज उसळते आणि बल्ब, आरआर युनिट एका झटक्यात जातात.

काम झाल्यावर मध्यम वेगाला बॅटरीवर १४ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आमच्याकडे दिवा लावून ४००० फेऱ्यांना १४.३ येतात. १५ च्या वर जात असेल तर युनिट बदला, नाहीतर बॅटरीचे पाणी आटेल.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी बल्ब घालायचा मोह टाळा. रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंटच्या जागेवरून ठरवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी बसत नाही, उजेड विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. आपण ट्रॉलीला धडकायचे वाचलो आणि समोरचा आपल्याला धडकला, असे व्हायला नको. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. मी बल्ब, वॅट, रिफ्लेक्टर आणि काच मूळचेच ठेवले ते म्हणून.

नव्या गाड्यांना हात लावू नका. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाईट चालू ठेवणे बंधनकारक झाले, आणि एप्रिल २०२० पासून बीएस ६ आले. बहुतेक गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आले, म्हणजे पेट्रोल सोडायलाही सतत वीज लागू लागली. त्यामुळे त्यांचे चार्जिंग मुळातच त्या हिशोबाने केलेले असते. तिथे वायर तोडली तर दिवा राहू द्या, गाडीच बंद पडेल.

उरलेला अर्धा प्रश्न

काम झाल्यावर पहिल्या रात्री मी अण्णांच्या मागे बसून मळ्यात गेलो. पाणंदीच्या तोंडाला त्यांनी मुद्दाम गाडी थांबवली, क्लच दाबला, आणि समोर बघत राहिले. दिवा हलला नाही. बांधावरचे गवत, पलीकडचा विजेचा खांब, सगळे दिसत होते.

"आता क्लच दाबला तरी दिसतंय," एवढेच म्हणाले. मग हॉर्न वाजवून बघितला, तोही वाजला.

परत येताना मात्र त्यांनी मला खाली उतरवले. चुलत्यांची ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती. म्हणाले, "आपला दिवा झाला. पर हिला कोण दिवा लावणार?"

खरे होते. गाडीचा दिवा कितीही सुधारला तरी तो काळोखातल्या ट्रॉलीला थोड्याच अंतरावरून दाखवतो. तेच ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर पट्टी असेल तर कितीतरी लांबून चमकते, तिला ना चार्जिंग लागते ना बॅटरी. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातून पट्टीचे एक बंडल आणले आणि आमच्या भावकीतल्या ट्रॉल्यांना मागून आणि बाजूंनी चिकटवले. आरआर युनिटपेक्षा ते काम स्वस्तात झाले, आणि चाळीस किकाही माराव्या लागल्या नाहीत.

मित्रांनो, प्रोजेक्टसाठी विषय मिळत नाही म्हणून आपण फार लांब बघतो. एकदा संध्याकाळी आपल्याच गाडीचा दिवा लावा, क्लच दाबा, आणि उजेड किती कमी होतो ते बघा. पुढचा प्रश्न तुम्हाला आपोआप सुचेल.